तिला फोटो धरायला लावू नका

दारव्ह्याला आमच्या वडिलांचा छोटा छापखाना होता. पायाने मारायची एक ट्रेडल, खिळ्यांच्या आठ-दहा केसा आणि भिंतीला टेकवलेले कागदाचे गठ्ठे. पोट चालायचं लग्नपत्रिकांवर, मधूनमधून तेरवीची पत्रं यायची. लग्नाला लाल शाई, वर गणपतीचा ब्लॉक. तेरवीला काळी शाई आणि चारी बाजूंनी जाड काळी रूळ. गणपती नाही, 'श्री' नाही.

मी सातवीत असेन. ऐन लग्नसराईत एक तेरवीचं काम आलं. वडिलांनी रोलर रॉकेलने पुसले, पण घाईत. पन्नासेक कागद निघाले आणि त्यांच्या लक्षात आलं की उजव्या कोपऱ्यातल्या काळ्या रुळीला किंचित तांबूस झाक आहे. मी कागद डोळ्यांजवळ धरला तेव्हा कुठे मला ती दिसली. वडिलांनी सगळे कागद फाडले, रोलर पुन्हा दोनदा धुतले आणि पहिल्यापासून छपाई केली. कागदाचा भुर्दंड घरचाच. आई म्हणाली, "कोणाला दिसनार होतं ते?" वडील म्हणाले, "मयताच्या कागदाले लाल लागते काय?"

पुढे छत्तीस वर्षं मी चित्रकलेची बाई म्हणून काम केलं, यवतमाळ जिल्ह्यातल्याच तीन शाळांत. आता निवृत्त आहे. यवतमाळच्या दत्त चौकातून बाजाराला जाताना वर बघते तर श्रद्धांजलीचे फ्लेक्स. निळं आभाळ, गुलाबी कमळं, सोनेरी अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे गेलेला माणूस पासपोर्टच्या फोटोतून कापलेला आणि खाली 'शोकाकुल' म्हणून सतरा जणांचे गॉगल घातलेले चेहरे. शेजारीच वाढदिवसाचा फ्लेक्स. दोन्हींतला फरक वाचल्याशिवाय कळत नाही. 2016 च्या सप्टेंबरात उरीच्या हल्ल्यात वणी तालुक्यातला एक जवान गेला, तेव्हाही चौकाचौकांत हेच. तिरंगा, विमानं, ज्वाळा आणि सगळ्यांत मोठे फोटो नेत्यांचे. ज्या घरातून तो मुलगा गेला त्या घराचा त्यात मागमूस नव्हता.

पण माझी खरी तक्रार फ्लेक्सबद्दल नाही. तो पावसाळ्यात फाटतो, मग लोक त्याने कुटारावर झाकण घालतात, तेवढा तरी उपयोग होतो. तक्रार एका फोटोबद्दल आहे. तो तुम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. मातीची किंवा अर्धवट गिलाव्याची भिंत, समोर डोक्यावरून पदर घेतलेली बाई आणि तिच्या दोन्ही हातांत आत्महत्या केलेल्या शेतकरी नवऱ्याची हार घातलेली फ्रेम. तिने ती फ्रेम आपणहून भिंतीवरून काढलेली नसते. कोणीतरी सांगतं, "ताई, फोटो धरा जरा. छातीजवळ. इकडे बघा." ती धरते. दिल्लीचा छायाचित्रकार आला तरी धरते, मुंबईचा आला तरी धरते, परदेशातून कोणी आला तरी धरते. माझ्या ओळखीतल्या एकीने सांगितलं की अशी फ्रेम तिने बारा-तेरा वेळा धरली. शेवटी तिने ती भिंतीला टांगणंच सोडलं, दाराजवळच्या फळीवर ठेवून दिली. "मागतातच," म्हणाली.

छायाचित्रकारांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. 2006 साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते काही हवेतून झालं नाही. त्याआधी छापलेल्या बातम्यांनी आणि फोटोंनी दडपण आणलं होतं. पण एकच चित्र वीस वर्षं छापत राहिलं की त्याचं काय होतं, हे माझ्यासारख्या चित्र शिकवणाऱ्या माणसाला दिसतं. डोळा ते ओळखतो आणि पान उलटतो.

म्हणून मला आज वूडकटबद्दल बोलायचं आहे. लाकडावर कोरून, शाई लावून, कागदावर दाबून काढलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्राबद्दल. यवतमाळात याचं काय काम, असं वाटेल. ऐका.

आर्ट टीचर डिप्लोमाच्या दिवसांत ग्रंथालयात एक जाडजूड जर्मन पुस्तक हाती लागलं. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. मधल्या पानावर एक चित्र होतं, सगळं काळं. नीट बघितल्यावर कळलं की ती गुडघ्यावर बसलेली दोन माणसं आहेत, एकमेकांत इतकी रुतलेली की बाप कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. चेहरा जवळजवळ नाहीच. बापाचा एक हात तोंडावर, बाकी पाठी. आमच्याकडे मयताच्या घरी भिंतीला टेकून बसलेली माणसं अशीच दिसतात. ग्रंथपालाने दिवा घालवला तेव्हा मी उठले.

चित्रकर्तीचं नाव केथे कोलवित्झ. जन्म 1867 चा. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका हिच्या चित्रांत आल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा. त्याला फौजेत जायचं होतं, पण कायद्याने सज्ञान नसल्याने वडिलांची परवानगी हवी होती. वडील नाही म्हणाले. पोराने आईकडे बघितलं आणि आईने नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबर 1914 मध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

ही परवानगीची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर त्या चित्रांकडे मी पुन्हा नव्याने बघितलं. कारण ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आहे. दुबार पेरणीसाठी नवरा डोरलं मागतो, ती आधी नाही म्हणते, मग काढून देते. पाऊस दडी मारतो. नंतर सगळं गाव तिला म्हणतं, तुझा काय दोष? ती मान हलवते आणि रात्री पुन्हा तेच मोजत बसते. तिने डोरलं दिलं नसतं तर कदाचित कर्ज इतकं वाढलं नसतं. दिलं नसतं तर कदाचित त्याने आदल्याच वर्षी जीव दिला असता. याचा हिशेब लागत नाही. फोटोत तर तो येऊच शकत नाही.

कोलवित्झबाईंना युद्धावर चित्रं काढायची होती, पण जमेना. आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरून बघितलं, मग दगडावर काढून बघितलं. दोन्हींत त्या वाकबगार होत्या. 1844 सालच्या सायलेशियातल्या विणकरांच्या बंडावरची त्यांची चित्रमालिका त्याआधीच गाजलेली होती. पण पत्र्यावर आणि दगडावर करड्या छटा निघतात. चेहऱ्यावर सावली देता येते, डोळ्यांत पाणी दाखवता येतं. 1920 मध्ये त्यांनी अर्न्स्ट बारलाखचे वूडकट पाहिले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लाकूड हातात घेतलं. 1921 आणि 1922 या दोन वर्षांत सात ठसे कोरले. 'बळी', 'स्वयंसेवक', 'आईबाप', 'विधवा' नावाचे दोन, 'आया' आणि 'लोक'. 'युद्ध' नावाच्या या मालिकेत एकही बंदूक नाही. खंदक नाही, तोफ नाही, रणांगणावरचं प्रेत नाही. युद्ध घरी कसं पोचतं, तेवढंच आहे.

पहिली 'विधवा' पोटुशी आहे. मान एका बाजूला कललेली, दोन मोठे राबलेले हात अंगाशी धरलेले. हातात फ्रेम नाही. तिने कोणाकडे बघावं असं तिला कोणी सांगितलेलं नाही.

लाकडाने काय केलं ते सांगते, कारण ते हाताने केल्याशिवाय समजत नाही. फळीवर जे कोरून काढता ते कागदावर पांढरं येतं, जे राहतं ते काळं. मधलं काही नाही. आमच्या सुताराला विचारा, पटाशी सरळ रेषेत जाते पण लाकडाच्या रेषांना आडवी गेली की अडकते, जोर लावला तर ढलपी उडते. उडाली की गेली. खोडरबर नाही. त्यामुळे प्रत्येक घाव घालण्याआधी हात थांबतो. दहा डोळे काढायचे असतील तर दोनच काढले जातात. केस, दागिने, लुगड्याचा काठ, सगळं गळून जातं. दुःखात बसलेल्या माणसाचंही असंच होतं ना? त्याला तुमचं सांत्वन ऐकू येत नाही, पण दाराची कडी वाजलेली ऐकू येते.

काळी माती आणि पांढरा कापूस, म्हणजे आपला जिल्हा मुळातच वूडकट आहे, असं मी एका कार्यक्रमात बोलले होते. टाळ्या पडल्या. घरी येताना लाज वाटली. बोंडअळी आली त्या वर्षी कापूस पांढरा नव्हता, बोंडं किडकी पिवळी होती. उपमा झटकन सुचली की तिच्याकडे संशयाने बघावं.

दुसरी एक गोष्ट मात्र उपमा नाही. 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, पंच्याहत्तरीला आलेल्या कोलवित्झबाईंनी एक चित्र काढलं. हा वूडकट नव्हे, दगडावरचं. एक म्हातारी आई दोन्ही हात पसरून तीन पोरांना कोटाखाली दाबून धरते आहे आणि पोरं खालून बाहेर डोकावताहेत, खोडकर, निघायला उतावीळ. चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर 'बियाणं दळायचं नसतं'. हे नाव वाचलं आणि मला घाटंजीकडची माझी आजी आठवली. तिच्या घरी बियाण्याची ज्वारी राखेत घालून मडक्यात वेगळी ठेवलेली असायची. उन्हाळ्याच्या शेवटी घरात दाणा नसला तरी त्या मडक्याला हात लागत नसे. आता बीटी कापसाचं पाकीट दुकानातून येतं, मडकं गेलं. पण वाक्य अजून या मातीतल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. चित्र झालं त्याच वर्षी कोलवित्झबाईंचा नातू रशियात लढताना गेला. त्याचंही नाव पेटर होतं, काकाचंच ठेवलेलं.

ही चित्रं जिथे गेली तिथे लोकांनी ती आपली मानली. 1931 मध्ये शांघायला लेखक लू शुन यांच्या एका तरुण लेखक-मित्राला सरकारने गोळ्या घातल्या. उघड काही लिहिणं धोक्याचं होतं. लू शुन यांनी मासिकात कोलवित्झचा 'बळी' छापला, आपलं मूल दोन्ही हातांवर पुढे धरणारी उघडी आई. त्याच वर्षी त्यांनी तरुणांसाठी लाकूड कोरायचा वर्ग काढला आणि चीनमध्ये एक अख्खी चळवळ उभी राहिली. तिकडचे वूडकट पाहून आपल्याकडे बंगालमध्ये चित्तप्रसाद आणि सोमनाथ होर यांचे हात शिवशिवले.

चित्तप्रसाद भट्टाचार्य तर निम्मे आपलेच म्हणायला हवेत. 1943 च्या दुष्काळात ते मिदनापूर पायी फिरले, शाईने चित्रं काढली आणि 'हंग्री बेंगॉल' नावाचं पुस्तक काढलं. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. 1946 मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची कितीतरी वर्षं अंधेरीत एका खोलीत राहिले. तिथे त्यांनी लिनोकट कोरले, राबणाऱ्या लहान पोरांचे, उपाशी बायांचे, लढणाऱ्या शेतकऱ्यांचे. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं, लाकडापेक्षा स्वस्त आणि मऊ. महाराष्ट्रात इतकी वर्षं राहून या माणसाचं नाव आमच्या चित्रकलेच्या पुस्तकांत कुठे नव्हतं. मी छत्तीस वर्षं पोरांना घड्याळ, छत्री आणि फळांची टोपली काढायला शिकवलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत तेच होतं. त्यात ठसेकाम नव्हतंच.

आता कोणी म्हणेल, बाई, युद्धाचं दुःख वेगळं, आमच्या कास्तकाराचं वेगळं. बरोबर आहे. शेतीला रणांगण आणि शेतकऱ्याला शहीद म्हणणारी भाषणं मला आवडत नाहीत. लढाईला निदान कोणीतरी पाठवलेलं असतं, मागे पेन्शन असते, बंदुकांची सलामी असते. इथे तहसीलची समिती येते. सातबारा त्याच्या नावावर होता का? कर्ज बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? मग शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. काळं-पांढरं करण्याची ही दुसरी रीत. जमीन सासऱ्याच्या नावावर राहिली म्हणून अपात्र ठरलेली बाईही तेवढीच विधवा असते. सरकारी भाषेत आता 'एकल महिला' म्हणतात. चित्रात तिला अपात्र ठरवता येत नाही, एवढंच.

आणि चित्रात तिचा चेहरा तिच्याकडे राहतो. वूडकटचा मला वाटणारा सगळ्यांत मोठा गुण हाच. फोटोतली बाई अमुक गावची, अमुक आडनावाची असते. उद्या तिची पोरगी कॉलेजात जाते आणि तिथे कोणीतरी मोबाइलवर आईचा तो फोटो काढून दाखवतं. ठशातली बाई कोणाचीच नसते, म्हणून ती आपल्याही घरची होऊ शकते. या बायकांना बोलायचं नाही असं नाही. 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं उद्घाटन अशाच एका महिलेने केलं आणि ती ठणठणीत बोलली. 'तेरवं' या नाटकात याच बायका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. तिथे काय सांगायचं आणि काय नाही, ते त्यांच्या हातात होतं. फ्रेम धरून उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात फक्त फ्रेम असते.

ठशालाही धोके आहेत, ते लपवत नाही. त्याचा काळा रंग फार लवकर 'कलात्मक' होतो. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात सोफ्यावर लावलेली उपाशी पोरं मी पाहिली आहेत. आणि दुःख कोरता कोरता हात सरावला की तो आपोआपच वाकलेल्या पाठी काढायला लागतो. यावर माझ्याकडे उपाय एकच, तो म्हणजे ज्यांच्या घरात झालं त्यांनी कोरावं.

म्हणून वर्तमानपत्रांच्या संपादकांना माझी मागणी साधी आहे. 19 मार्च दर वर्षी येतो. 1986 साली याच दिवशी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. आता त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात. त्या दिवशी तरी पहिल्या पानावर फ्रेम धरलेली बाई छापू नका. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी कोरलेला एक ठसा छापा, काळा-पांढरा. तुमच्या छपाईयंत्राला तो सगळ्यांत स्वस्त पडेल. आणि शिक्षण खात्याला मागणी अशी की ठसेकाम शाळेत आणा. लाकूड परवडत नसेल तर चपलेचा जुना तळ चालतो. मी तेच केलं.

2017 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या हंगामात फवारणीच्या विषाने आमच्या जिल्ह्यात वीसएक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात होती. माझ्या आठवीच्या वर्गाला मी घरून जुन्या रबरी चपला आणायला सांगितल्या. पट्टे काढले, वरचा गुळगुळीत थर ब्लेडने सपाट केला. शाई एका लग्नपत्रिकेच्या प्रेसमधून आणली, डब्याच्या तळाची. पोरांना विषय दिला नाही. बऱ्याच पोरांनी पाठीवर पंप घेतलेला माणूस कोरला, एकाने क्रिकेटची बॅट, दोघींनी मोर.

एक पोरगी मागच्या बाकावर दोन तास गप्प कोरत होती. तिचे वडील त्या हंगामात गेले होते, फवाऱ्याने की आणखी कशाने हे मी कधी विचारलं नाही. तिने भिंतीतली खुंटी कोरली होती आणि खुंटीला टांगलेला शर्ट. भोवतीचं सगळं रबर काढून टाकलं होतं, शर्ट तेवढा राहिला होता. मला विचारलं, "बाई, शर्टाच्या आतमधी काही कोरू का? गुंड्या?" मी म्हटलं, राहू दे. शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला. पांढऱ्या कागदावर एक काळा शर्ट उतरला, बाह्या खाली लोंबणाऱ्या. वर्गात कोणी बोललं नाही. मीही काही बोलले नाही आणि त्याला मार्क तर मुळीच दिले नाहीत.

ती छाप घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत आली, चपलेचा तळ हातात.

"माय म्हणे, खिसा कुठी आहे? खिशात त्यायची डायरी राहे. कृषी केंद्राच्या उधारीची."

मी कोरायचा गाऊज दिला. तिने डाव्या बाजूला बोट ठेवलं, मग आठवलं की ठसा उलटा येतो, बोट उजवीकडे नेलं आणि तीन बारीक रेघा मारल्या. पुन्हा शाई, पुन्हा चमचा.

दोन्ही छापा माझ्याकडे आहेत, खिसा नसलेली आणि खिसा असलेली. पहिली तिने मला देऊन टाकली. दुसरीच्या आम्ही चार प्रती काढल्या, तीन ती घेऊन गेली.